मुका चाकर

हिंगोली स्टेशनच्या मागं लिंबाच्या रांगेपलीकडं रेल्वेच्या इंजिनियरचा बंगला होता. १९३२ साली तिथं नवा साहेब आला, तेव्हा त्याच्या मड्डमला घरकामाला बाई हवी होती. आंबेगव्हाणच्या तांड्यावरची भिकाबाई त्या दिवसांत स्टेशनावर लाकडाच्या मोळ्या विकायला बसायची. मड्डमनं तिचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि मोळीसकट तिला बंगल्यावर नेलं. भिकाबाई तिथं अकरा वर्षं राबली. कपबशा पुसताना बांगड्यांचा आवाज होऊ नये म्हणून ती कोपरापर्यंत फडकं गुंडाळायची.

मड्डम वाईट नव्हती, पण तिला एक खोड होती. वस्तूचं नाव चुकलेलं तिला खपायचं नाही. तिनं फुटस्टूल मागितलं आणि भिकाबाईनं टीपॉय आणला, तर आधी टीपॉय जागेवर ठेवून यायचा आणि मग फुटस्टूल आणायचं. नुसतं टेबल म्हणून भागायचं नाही. जेवायचं टेबल वेगळं, आरशाचं वेगळं, पत्ते खेळायचं वेगळं, त्यांची नावंही वेगळी. भिकाबाईला इंग्रजीत धड एक वाक्य जुळवता यायचं नाही, पण खुर्चीच्या सात जाती सांगता यायच्या. अक्षर एकही ओळखीचं नव्हतं. नावं मात्र पक्की बसली होती, कारण प्रत्येक नावाची वस्तू तिनं हजार वेळा पुसली होती.

१९४३ साली साहेबाची बदली झाली. जाताना मड्डमनं भिकाबाईला दोन वस्तू दिल्या. एक सागवानी, पाच खणांचं बुटकं कपाट, पितळी मुठींचं. त्याला चेस्ट ऑफ ड्रॉवर्स म्हणत. दुसरी म्हणजे मधल्या खांबावर बसवलेल्या तीन गोल फळ्या. एकेक फळी फिरवली की फिरायची. जेवताना वाढप्याची गरज पडू नये म्हणून साहेब लोक ताटल्या तिच्यावर मांडायचे. तिचं नाव डम्ब वेटर. मड्डमनं चिठ्ठीही लिहून दिली, की अकरा वर्षांच्या चाकरीबद्दल मी माझ्या आयाला ह्या दोन वस्तू दिल्या आहेत.

भिकाबाईचा नवरा धर्मसिंग बैलगाडी हाकायचा. उंच, हाडापेरानं मोठा, पण बोलायला अगदी कमी. 'व्हय' आणि 'न्हाई' एवढ्यावर त्याचा दिवस निघायचा. त्यानं वस्तू गाडीत घालून तांड्यावर आणल्या. झोपडीत कपाट ठेवल्यावर दोघांना निजायला जागा कमी पडली, तरी भिकाबाईनं ते रोज पुसलं.

तांड्यापासून अर्ध्या कोसावर आंबेगव्हाण. गावची निम्मी जमीन उकंडराव देशमुखांची. तिसऱ्या दिवशी ते घोडीवरून तांड्यात आले, झोपडीच्या दारातून वाकून आत पाहिलं.

"हे आमच्या वाड्यावर पोचव," ते म्हणाले. "बदल्यात दोन पोती ज्वारी ने."

"न्हाई मालक," भिकाबाई म्हणाली. "मड्डमनं मला दिलं. मला ठिवायचंय."

"झोपडीत काय ठिवणार त्यात?"

"माझं हाय. काय बी ठिवीन."

उकंडरावांनी घोडी वळवली. तांड्यातली बाई देशमुखाला दारात उभं राहून नाही म्हणाली, हे चार माणसांनी ऐकलं होतं. आठ दिवसांत ठाण्यावर कागद गेला, की भिकाबाईनं रिकाम्या बंगल्यातून सामान चोरलं.

ठाण्याचे अमीन, म्हणजे तिकडचे फौजदार, उकंडरावांच्या पंगतीला बसणारे. भिकाबाईनं चिठ्ठी पुढं केली. ठाण्यात इंग्रजी कोणाला येत नव्हतं, म्हणून तातेरावांना बोलावलं. तातेराव अर्जनवीस होते, लोकांचे अर्ज उर्दूत लिहून द्यायचे. शाळेत चार यत्ता इंग्रजी झालं होतं आणि त्या जोरावर पंचक्रोशीत त्यांना इंग्रजीचे पंडित मानत. कोटाच्या खिशात शाळेतला फाटका शब्दकोश असायचा. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, कोश चाळला, आणि ठाण्याच्या अंगणात जमलेल्या माणसांपुढं अर्थ सांगितला.

"चेस्ट म्हणजे छाती. ड्रॉवर्स म्हणजे आतले लेंगे. म्हणजे मड्डमनं हिला आपले छातीचे न् कमरेचे आतले कपडे दिले. डम्ब म्हणजे मुका, वेटर म्हणजे चाकर. आणि एक मुका चाकर दिला."

अंगण हसलं. भिकाबाईला आधी काही कळलंच नाही. मग ती म्हणाली, "साहेब, तसं न्हाई ते. चेस्ट ऑफ ड्रॉवर्स म्हंजी तेच कपाट. खणांचं. डम्ब वेटर म्हंजी ती फिरती फळी."

तातेरावांनी चष्मा काढला. "तू मला इंग्रजी शिकवतीस?"

त्या वेळी त्यांनी एवढंच म्हणायला हवं होतं, की मला ह्या शब्दांचा अर्थ नक्की ठाऊक नाही. ते म्हणाले नाहीत. पुन्हा कोशावर बोट ठेवून त्यांनी तेच वाचलं, आणि खाली सही केली.

अमीन म्हणाले, "म्हणजे चिठ्ठीत कपाट नाहीच. कपाट चोरीचं." मग त्यांची नजर भिंतीशी उभ्या असलेल्या धर्मसिंगवर गेली. तो आल्यापासून एक शब्द बोलला नव्हता. "हाच का तो मुका चाकर? न्या आत. बोलता करा."

लोक पुन्हा हसले. उकंडरावही हसले.

धर्मसिंगला दुपारभर आत ठेवलं. चोरी कबूल कर, एवढंच त्याला विचारत होते. तो न्हाई म्हणत राहिला. बाहेर आणला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची चारही बोटं काळीनिळी होऊन उलट्या दिशेला वळलेली होती. कपाट आणि फळी जप्त झाली आणि सांभाळायला म्हणून उकंडरावांच्या वाड्यात गेली. अमीननं चिठ्ठी चुरगाळून फेकली. भिकाबाईनं ती उचलली, मांडीवर ठेवून सरळ केली आणि घरी आणली.

बोटं बसली ती वाकडीच बसली. कासरा हातात धरवेना, तेव्हा बैल विकले. धर्मसिंग डाव्या हातानं जेवायला लागला. माणसांत डाव्या हातानं घास उचलायची त्याला लाज वाटायची, म्हणून तो लग्नकार्याला जाईनासा झाला, आणि घरीही भिंतीकडं तोंड करून जेवायचा. पूर्वी तो कमी बोलायचा. आता दिवस दिवस बोलायचा नाही.

भिकाबाई मोलानं निंदायला जायची, सरपण विकायची. आणि पहाटे जात्यावर बसली की ओव्यांच्या जागी ती मड्डमच्या घरातली नावं म्हणायची. हॅट स्टँड. टॉवेल हॉर्स. फुटस्टूल. मीट सेफ. खोलीतून खोलीत ती मनानं हिंडायची, दारातून शिरून उजव्या हातानं सुरुवात करायची, एक वस्तू सोडायची नाही. शेजारणीला वाटायचं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. भिकाबाईनं कोणाला सांगितलं नाही, पण तिला एक धास्ती होती. बंगला सुटला, आता नावं विसरली तर आपल्याजवळ काहीच उरणार नाही. कधी ना कधी तातेरावांपुढं उभं राहायचं होतं आणि त्या दिवशी एकही शब्द डळमळायला नको होता. पाच वर्षं ती हे करत राहिली.

मग संस्थानात सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसची लुटालुटीची धामधूम आली. त्या वर्षी गावंच्या गावं घर सोडून पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात गेली. आंबेगव्हाणची माणसंही गेली. उकंडराव गेले नाहीत. त्यांचं वरपर्यंत सूत होतं. भादव्यात हिंदुस्थानची फौज आली, राज्य बदललं, माणसं परतली. घरं उभी होती, पण आत काही नव्हतं. चुलीवरच्या फडताळापासून पाळण्यापर्यंत सगळं उचललेलं. उकंडरावांच्या गाड्या कुठं कुठं उभ्या होत्या, हे मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांनी पाहिलं होतं.

हिंगोलीत फौजेचा एक कप्तान बसला होता, मद्रासकडचा. त्याला ना मराठी येत होती, ना उर्दू. त्यानं हुकूम दिला, की लोकांनी गेलेल्या सामानाची यादी द्यावी, उकंडरावांच्या वाड्यातल्या सामानाची यादी व्हावी, आणि दोन्ही इंग्रजीत माझ्यापुढं याव्यात. जे जुळेल ते परत करू. इंग्रजी करायचं काम तातेरावांकडं आलं, कारण दुसरं कोणी नव्हतंच.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी कचेरीच्या ओसरीवर याद्या वाचल्या गेल्या. आंबेगव्हाणची पंचवीस-तीस माणसं खाली बसली होती, त्यांत भिकाबाई होती. तातेराव कप्तानाच्या टेबलाशी उभे राहून इंग्रजीत वाचत होते. कोणाला काही कळत नव्हतं, आणि सगळे आदबीनं ऐकत होते.

भिकाबाईला कळत होतं. वाड्याच्या यादीत तातेराव वाचत होते, "बॉक्स, वन. बॉक्स, लार्ज, वन. बेंच, टू. टेबल, राउंड, वन." लोकांच्या यादीत गावातल्या गोजरबाईची घागरी ठेवायची घडवंची आली ती 'लॅडर' म्हणून. फडताळ झालं 'डोअर'. एका बाजूला पेट्या आणि बाकडी, दुसऱ्या बाजूला शिड्या आणि दारं. काय जुळणार? यातलं किती अडाणीपणानं होतं आणि किती उकंडरावांच्या सांगण्यावरून, ते तातेरावांनाच ठाऊक.

कप्तानानं दोन्ही कागद शेजारी ठेवले, वरून खाली पाहिलं आणि मान हलवली. काहीच जुळत नाही, म्हणाला. लोकांनी घरी जावं.

भिकाबाई उभी राहिली. पायऱ्या चढून थेट टेबलापाशी गेली. शिपायानं अडवायच्या आत ती म्हणाली, "साब, दिस लिस्ट नो गुड."

कप्तानानं वर पाहिलं. घेरदार घागरा, कोपरापर्यंत बांगड्या, पन्नाशीकडं झुकलेली बाई.

"व्हाय नो गुड?"

"नॉट बॉक्स, साब. चेस्ट ऑफ ड्रॉवर्स. टू स्मॉल ड्रॉवर्स ऑन टॉप, थ्री बिग बिलो. ब्रास नॉब्स. माइन."

तातेराव घाईनं काहीतरी बोलायला लागले. कप्तानानं त्यांना हातानं थांबवलं आणि आपल्या बुडाखालच्या खुर्चीवर बोट ठेवलं. भिकाबाई म्हणाली, "फोल्डिंग कॅम्प चेअर." त्यानं कोपऱ्यातल्या खुंट्यांच्या खांबाकडं दाखवलं. "हॅट स्टँड." तातेरावांची उतरत्या झाकणाची कागदपेटी दाखवली. "रायटिंग बॉक्स, साब. दॅट इज बॉक्स."

कप्तानानं तातेरावांनी केलेल्या वाड्याच्या यादीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. परवा मी स्वतः वाड्यावर येतो, म्हणाला. ही बाई नावं सांगेल. हा माणूस लिहील.

दुसऱ्या दिवशी दुपारी उकंडराव तांड्यावर आले. ह्या वेळी घोडीवरून उतरले.

"भिकाबाई," ते म्हणाले, आणि तिच्या नावापुढं बाई लावायची त्यांची ही पहिलीच खेप होती, "वढ्याकाठची पाच एकर तुमच्या नावावर करतो. पाणथळ हाय, हळद येती. उद्या जरा बेतानं बोला. तुमचं कपाट तुमी घिऊन जा. बाकीच्यांचं तुमाला काय पडलंय?"

भिकाबाई जोंधळ्याची कणसं खुडत होती. तिनं हात थांबवला नाही. "यांना इचारा," ती म्हणाली.

धर्मसिंग झोपडीच्या सावलीला बसला होता. उकंडराव त्याच्याकडं वळले. "धर्मसिंग, तू सांग बाबा. मागचं जाऊ दे. काय म्हनतोस?"

धर्मसिंगनं वाकडा हात मांडीवर ठेवला. बऱ्याच दिवसांनी तो एवढं लांब वाक्य बोलला.

"मी मुका चाकर, मालक. मला काय इचारता?"

उकंडराव घोडीवर बसले आणि गेले.

बुधवारी सकाळी कप्तान चार शिपाई घेऊन आला. वाड्यापुढच्या अंगणात सगळं गाव जमलं. भिकाबाई पुढं, तिच्यामागं कप्तान, आणि त्याच्यामागं दौत-टाक घेऊन तातेराव. दारातून शिरून तिनं उजव्या हातानं सुरुवात केली.

ती घाई करत नव्हती. प्रत्येक वस्तूपाशी थांबायची, हात फिरवायची, नाव सांगायची. अंगणात उभ्या असलेल्या माणसांना विचारायची, की तुमची कशी होती ते सांगा, आणि त्यांचं बोलणं जसंच्या तसं इंग्रजीत घालायची. शब्द नसला तर वस्तूचं काम सांगायची.

गोजरबाई म्हणाली, "माझी घडवंची तीन घागरींची. मधलं भोक मोठं, रांजणासाठी."

न्हाणीघरात ती मिळाली. "स्टँड फॉर वॉटर पॉट्स," भिकाबाई म्हणाली. "थ्री होल्स, मिडल बिग." मग मागं वळून तातेरावांना म्हणाली, "लिवा. लॅडर न्हाई. शिडीवर घागर ठिवत न्हाईत."

तातेरावांचा टाक थबकला. बाहेर कोणीतरी हसलं. भिकाबाईनं ते हसणं कानात साठवून घेतलं.

कधी एखाद्या शब्दाचं स्पेलिंग तातेरावांना येत नसे. मग ते कप्तानाला विचारत. कप्तान एकदा सांगे, दुसऱ्यांदा त्यांच्याकडं नुसतं बघे. ऊन चढलं तसा तातेरावांचा सदरा पाठीला चिकटला. बसायला त्यांना कोणी सांगितलं नाही. माजघरात सतरा बाजा, चार चौरंग, नऊ पाट निघाले, आणि भिकाबाईनं प्रत्येकाची खूण सांगितली. कुठं पाय वेगळ्या लाकडाचा, कुठं सुंभ नवा. उकंडराव खांबाला टेकून उभे होते. सुरुवातीला ते मधे बोलायचे. नंतर बोलायचे थांबले.

आतल्या खोलीत तुळईला साखळ्यांनी टांगलेला पाळणा होता. कप्तानानं कागद पाहिला. दगडोबा नावाच्या कुणब्याच्या यादीत 'क्रेडल, वन' होतं. त्यानं शिपायांना खूण केली.

उकंडरावांची बायको द्वारकाबाई दाराआडून पुढं आली. सकाळपासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. पाळण्याची कड धरून ती उभी राहिली. तिची तीन लेकरं ह्याच पाळण्यात वाढली होती आणि त्यांतलं एक ह्याच पाळण्यात गेलं होतं, हे तांड्यालाही माहीत होतं. पाळणा तिच्या माहेरचा होता.

भिकाबाई गप्प राहिली असती तरी चाललं असतं. शब्द तातेरावांचा होता, चूक तातेरावांची होती. शिपायांनी साखळ्या काढल्या असत्या आणि पाळणा उकंडरावांच्या डोळ्यांदेखत अंगणात गेला असता. तिला ते बघावंसं वाटलं. एक क्षण तिला ते फार बघावंसं वाटलं.

"नो, साब," ती म्हणाली. "दिस हँगिंग क्रेडल. हँग्स फ्रॉम द रूफ. दगडोबाज क्रेडल हॅज स्टँड." आणि खिडकीतून तिनं विचारलं, "दगडोबा, तुझा पाळणा घोडीवरचा ना?"

"व्हय, घोडीवरचा," बाहेरून उत्तर आलं.

तो गोठ्यात सापडला. त्यात कडबा भरला होता.

शिपाई तिकडं गेल्यावर द्वारकाबाईनं भिकाबाईचा हात धरला. "तुझे उपकार झाले, बाई."

भिकाबाईनं हात सोडवून घेतला. "उपकार न्हाईत. एक वस्तू चुकली असती तर तुमचा मालक उद्या म्हनला असता, ही सगळी यादीच खोटी. त्याला तेवढी बी फट ठिवायची न्हाई मला."



कपाट उकंडरावांच्या निजायच्या खोलीत होतं. खणांत त्यांचे फेटे. भिकाबाईनं ते उघडून दाखवलं, नाव सांगितलं, पुढं निघाली. पण फिरती फळी कुठं दिसेना. सगळा वाडा हिंडून झाला, राहिलं फक्त देवघर.

"तिथं देव हायेत," उकंडराव म्हणाले, आणि तातेरावांनी लगोलग इंग्रजी केलं, "श्राइन, सर. होली."

कप्तान उंबऱ्यावर थांबला. त्यानं बूट काढले होते, तरी आत पाऊल टाकायला त्याला अवघड वाटत होतं. लाल कापड घातलेल्या तीन फळ्या, वर बाळकृष्ण, मधे देवांचे टाक, खाली शंख आणि समई.

"नॉट श्राइन, साब," भिकाबाई म्हणाली. "डम्ब वेटर."

"ही बया देव बाटवायला आली," उकंडराव म्हणाले. बाहेर कुजबूज सुरू झाली. गाव तिच्या बाजूनं होतं, पण देवाच्या फळीला हात लावायचा म्हटल्यावर गावालाही कसंसं झालं.

भिकाबाई उंबऱ्याच्या अलीकडंच बसली. "मी आत जात न्हाई. देशमुखीनबाईंनी मधली फळी जरा ढकलावी. देव्हारा असंल तर हलनार न्हाई."

सगळे द्वारकाबाईकडं बघायला लागले. उकंडरावांनी तिला डोळ्यांनी खुणावलं. तिनं पदर सारखा केला, आत गेली आणि मधल्या फळीला बोट लावलं. फळी फिरली. टाक सावकाश एक फेरा घेऊन पुन्हा समोर आले.

"देव माझे हायेत," द्वारकाबाई म्हणाली. "फळ्या हिच्या." मग तिनं एकेक देव उचलून पाटावर ठेवला.

आता भिकाबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि मड्डमची चिठ्ठी कप्तानाच्या हातात दिली. त्यानं ती वाचली. ठाण्यात हिचा काय अर्थ केला होता, ते तिनं तिच्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. कप्तानाला आधी हसू आलं असावं, पण पुढचं ऐकल्यावर त्याचा चेहरा दगडासारखा झाला. ह्याचा अर्थ कोणी केला होता, त्यानं विचारलं. भिकाबाईनं बोट दाखवलं.

"साब," ती म्हणाली, "ही रीड अगेन. आउटसाइड. इन मराठी."

अंगणात, पाच वर्षांपूर्वी ठाण्यात हसलेल्या माणसांपैकी बरीचशी उभी होती. धर्मसिंग येणार नाही असं भिकाबाईला वाटलं होतं, पण तो आला होता, कुंपणाशी, हात धोतराच्या सोग्यात लपवून. कपाट आणि फळी मधे आणून ठेवली होती. तातेरावांनी चिठ्ठी धरली.

"मी माझी आया भिका हिला," त्यांनी वाचलं, आणि थांबले.

"म्होरं," भिकाबाई म्हणाली.

"एक खणांचं कपाट..."

"मोठ्यानं. मागं ऐकू जात न्हाई."

"एक खणांचं कपाट, आणि एक वाढायची फिरती फळी, अकरा वर्षांच्या चाकरीबद्दल दिली आहे."

"आन् मुका चाकर कुठाय?"

"मला ठाऊक नव्हतं," तातेराव पुटपुटले. "कोशात तसंच होतं."

"मला ठाऊक होतं. मी सांगितलं होतं तुमाला," भिकाबाई म्हणाली. "आता त्यांना सांगा." तिनं कुंपणाकडं मान केली.

तातेराव धर्मसिंगपर्यंत गेले. काय बोलले ते कोणाला ऐकू आलं नाही. धर्मसिंग ऐकत राहिला, मग पाठ फिरवून तांड्याच्या वाटेला लागला.

त्या दिवशी उकंडरावांना हिंगोलीला नेलं. आठ महिने आत होते. सुटल्यावर गावात राहिले नाहीत, वाडा कुलपात घालून परभणीला लेकीकडं गेले. द्वारकाबाई मात्र मागंच राहिली, टांगलेल्या पाळण्यासकट. अमीनचं काय झालं ते कधीच कळलं नाही. कोणी म्हणे पळाला, कोणी म्हणे दुसऱ्या नावानं कुठं नोकरीला आहे. भिकाबाई जिथं जाईल तिथं विचारायची. तो हिशेब अर्धाच राहिला आणि तो तिला शेवटपर्यंत टोचला.

तातेरावांचं कचेरीतलं काम सुटलं. पुढच्या वर्षी कचेरीत जप्तीच्या सामानाच्या याद्या इंग्रजीत करायला माणूस घ्यायचा होता. मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी तातेराव नवी कोरी वही घेऊन तांड्यावर आले.

"भिकाबाई, तुमी नावं सांगितली तर मी लिहून घेतो," ते म्हणाले. "पोराबाळांचा प्रश्न आहे."

तिनं त्यांना घोंगडी टाकून दिली, पाणी दिलं. मग आपल्या कामाला लागली. तातेराव विचारायचे, "मच्छरदाणीच्या दांड्यांचा पलंग असतो, त्याला काय म्हणतात?"

"ठाऊक हाय मला," ती म्हणायची, आणि सूप पाखडत राहायची.

दिवस कलला तेव्हा ते उठून गेले. पुढच्या मंगळवारी पुन्हा आले. तिसऱ्या मंगळवारी पुन्हा. प्रत्येक वेळी तिनं घोंगडी टाकली, पाणी दिलं, शब्द एकही दिला नाही.

चौथ्या खेपेनंतर धर्मसिंग म्हणाला, "सांग की दोन-चार. त्याला बी पोट हाय."

"असू द्या."

"तुझं काय जातंय?"

"काय बी जात न्हाई," ती म्हणाली. "म्हनूनच न्हाई सांगत. त्याचं बी त्या दिशी काय जात नव्हतं."

धर्मसिंगनं पुन्हा विषय काढला नाही. पाचव्या मंगळवारी तातेराव आले नाहीत. संक्रांतीच्या सुमाराला कळमनुरीच्या बाजारातून आलेल्या गोजरबाईनं सांगितलं, की ते तिथं चिंचेखाली बसून लोकांचे अर्ज लिहितात, फक्त मराठीत.

"गिऱ्हाईक येतं का?" भिकाबाईनं विचारलं.

"थोडंथोडकं."

भिकाबाईनं मान हलवली, टोपलं डोक्यावर घेतलं आणि तुरीच्या शेताकडं निघाली.